लेखक आपल्याला कसं पटवतो? फुल्यांच्या सहा ओळी आणि टिळकांचे दोन मथळे

नमस्कार मंडळी! आज प्रस्तावना नको, थेट मजकुरावर येते.

[स्क्रीनवर एकेक ओळ]
विद्येविना मति गेली;
मतिविना नीति गेली;
नीतिविना गति गेली;
गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

जोतीराव फुल्यांच्या 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीच्या या ओळी. आपल्यापैकी कित्येकांना पाठ आहेत. पण त्या इतक्या पटतात कशा, हे बघायला आपण सहसा थांबत नाही. आज थांबूया.

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीत जे गेलं, तेच उचलून सुरू होते. मति गेली, मतिविना. नीति गेली, नीतिविना. अलंकारशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. पहिली पायरी तुम्ही मान्य केलीत की पुढे कुठे थांबून हरकत घ्यायची, ते सुचतच नाही. लय तुम्हाला खाली घेऊन जाते.

आता क्रियापदं बघा. गेली, गेली, गेली, गेले. या चार गोष्टी हातातून निसटतात. पाचव्या ओळीत ‘गेले’ थांबतं आणि ‘खचले’ येतं, कारण इथे पहिल्यांदा माणसं आलीत. कानाला सवय लागलेली असतानाच शब्द बदलतो आणि तो बरोबर माणसांवर येऊन आदळतो. मला स्वतःला ही जागा थोर वाटते. आणि मग शेवटचा हिशोब: अनर्थ ‘इतके’, कारण ‘एक’.

पण वाचक म्हणून आपलं कामही इथेच सुरू होतं. मधली एकच ओळ बाहेर काढून वाचा. ‘मतिविना नीति गेली.’ खरंच प्रत्येक वेळी असं होतं का? एकटी वाचली की प्रश्न पडतो, माळेत वाचली की पडत नाही. म्हणून फुले फसवतात का? अजिबात नाही. कारण ते या ओळींवर थांबत नाहीत. पुढे पुस्तकात शेतकऱ्याच्या घरादाराचं बारीक वर्णन आहे, सरकारी अधिकाऱ्यांकडून होणारी नागवणूक आहे, आणि शेवटी उपायही आहेत. ओळींनी जे ठसवलं, त्याचा पुरावा पुस्तक देतं. माझ्या मते परीक्षा हीच: मजकुरातली लय काढून टाकली, तर मागे काही उरतं का?

आता टिळक. 1897, पुण्यात प्लेग. 22 जूनच्या रात्री प्लेग कमिटीचा प्रमुख असलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सरकारने सगळ्या शहरावर सक्ती सुरू केली. जुलैमध्ये ‘केसरी’त अग्रलेख आला: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नाही. उत्तर वाचक स्वतःच्या मनात देतो, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहजी मागे घेत नाही.

पण मला त्याहून हुशार वाटतो तो दुसरा मथळा: ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे.’ याला कोण नाही म्हणेल? इंग्रज अधिकारीसुद्धा मान डोलावेल. आणि मान डोलावताना एक गोष्ट नकळत गिळली जाते: सरकार सध्या सूड उगवतंय. हा आरोप मथळ्यात कुठेच लिहिलेला नाही. तो गृहीत धरलाय. सर्वांना मान्य असलेल्या वाक्याच्या पोटात आपला आरोप ठेवायचा, ही युक्ती एकदा ओळखलीत की रोजच्या पेपरात दिसायला लागेल.

आपल्या ठाण्याचंच घ्या. रस्त्याच्या कामासाठी घोडबंदर रोडवरची झाडं तोडण्याबद्दल दोन लेख आलेत असं समजा. ही वाक्यं मीच रचलीत.

[स्क्रीनवर]
‘ज्या सावलीत उभं राहून तुम्ही बसची वाट बघता, ती सावली उद्या नसेल.’
‘विकासाला विरोध करणाऱ्यांनी सकाळी नऊ वाजता कासारवडवलीला उभं राहून दाखवावं.’

पहिल्याने ‘तुम्ही’ म्हणून तुम्हाला झाडाखाली उभं केलं. किती झाडं, कोणती, दुसरीकडे लावणार का, काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याने कासारवडवलीची वाहतूक कोंडी पुढे केली, झाडांचं नावच काढलं नाही. झाडं वाचवा म्हणणारा माणूस एका झटक्यात ‘विकासाला विरोध करणारा’ झाला. मला झाडं हवीत, म्हणून पहिलं वाक्य मला लगेच पटतं. आणि म्हणूनच मी तेच जास्त कडक तपासते. आपल्या बाजूच्या लेखकाला आपण फार सूट देतो.

सरावासाठी जुने अग्रलेख आणि निबंध उत्तम. ठाण्यात असाल तर 1893 पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच गावात आहे. एक परिच्छेद वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा: माहिती, मत, की नुसता ठसका? ‘अर्थातच’, ‘सर्वांना ठाऊक आहे’ असे शब्द दिसले की तिथे थांबा, कारण बहुतेक वेळा पुरावा तिथेच गायब असतो.

पुढच्या व्हिडिओत फुल्यांचीच 1873 ची ‘गुलामगिरी’ घेणार आहे. तिथे धोंडिबा शंका विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. वाचकाच्या शंका लेखकाने आधीच धोंडिबाच्या तोंडी घातल्या, तर आपल्या स्वतःच्या शंकांचं काय होतं, ते तेव्हा बघू.