पिंजऱ्यात हात घालण्याआधी

नमस्कार. आधीच सांगतो, प्राण्यांवर प्रयोग व्हावेत की नकोत यावर मी बोलणार नाहीये. तो वाद मोठा आहे, गरजेचा आहे, आणि आजच्या तासाभरात काही मिटत नाही. मी बोलणार आहे ते जे उंदीर आत्ता या क्षणी कुठल्यातरी ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या जागेत, केजमध्ये (पिंजऱ्यात) बसलेत त्यांच्याबद्दल. आणि एक शब्दांचा घोळ पण निस्तरून घेऊ, मराठीत आपण माऊसलाही उंदीर म्हणतो आणि रॅटलाही उंदीर, पण हे दोन वेगळे प्राणी आहेत, स्वभाव वेगळे, गरजा वेगळ्या. म्हणून मी सरळ माऊस आणि रॅट असंच बोलेन, चालवून घ्या.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मी हे प्राणी हाताळायचं काम शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी सीनियरने दाखवलं, झाकण उघडायचं, शेपटी बुडाशी चिमटीत धरायची, उचलायचं, दुसऱ्या केजमध्ये सोडायचं. झालं ट्रेनिंग. मी वर्षानुवर्षं तेच केलं आणि पुढे नवीन पोरांना तेच शिकवलं. माऊस काय करायचा? झाकण उघडलं की कोपऱ्यात पळायचा, उचलला की उलटा वळून चावायला बघायचा, आणि ग्लोव्हवर लघवी तर ठरलेलीच. आम्ही म्हणायचो ही स्ट्रेनच, म्हणजे माऊसची ही जातच, तापट आहे. स्ट्रेन कसली तापट, वरून काहीतरी झेपावतं आणि शेपटीने लटकवून नेतं, म्हणजे त्याच्या हिशोबाने घारीनेच उचललं की, तो दुसरं करणार तरी काय.

२०१० मध्ये लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी साधीच गोष्ट तपासली, उचलायची पद्धत बदलली तर माऊसच्या वागण्यात फरक पडतो का. काही माऊस शेपटीने उचलले, काही उघड्या ओंजळीत, आणि काही प्लास्टिकच्या पारदर्शक नळीतून. नळीचं काम अगदी सोपं, केजच्या तळाला आडवी ठेवायची, माऊसला हलकंच त्या दिशेने वळवायचं, तो बोगदा दिसल्यासारखा आत शिरतो, मग दोन्ही टोकांना हात ठेवून नळी उचलायची. ओंजळीतले आणि नळीतले माऊस थोड्याच दिवसांत आपणहून माणसाच्या हाताजवळ यायला लागले, हुंगायला लागले, भीती मोजायच्या टेस्टमध्येही निवांत निघाले. शेपटीवाले लांबच राहिले. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की नंतर मानेची कातडी धरून पकडलं तरी नळीवाल्यांचा हा फायदा जात नाही. म्हणजे “इंजेक्शन द्यायला पकडावंच लागतं, मग आधी लाड करून काय उपयोग” ही जी आमची पळवाट होती ना, ती पण बंद.

आता म्हणाल ठीक आहे, माऊस खूश, पण माझ्या रिसर्चचं काय. तर हर्स्ट यांच्याच ग्रुपने २०१७ मध्ये दाखवलं की एक वास दुसऱ्या वासापासून ओळखायच्या टेस्टमध्ये शेपटीने उचललेले माऊस जवळजवळ नापास होतात. त्यांना वास कळत नाही असं नाही हो, ते जवळ जाऊन हुंगतच नाहीत! नळीतले बिनधास्त फिरतात, हुंगतात, आणि फरक स्वच्छ दाखवतात. आता हीच टेस्ट कुणी मेमरीच्या औषधासाठी वापरत असेल तर त्याने काय मोजलं, मेमरी की चिमटीची भीती? मी माझ्या जुन्या वह्या काढून बसलो होतो हे वाचल्यावर, आणि खरं सांगतो, दोन-तीन ठिकाणी मला उत्तर देता येईना.

दुसरी गोष्ट थंडीची, आणि ही तर कुणाच्या लक्षातच येत नाही कारण आपण त्या खोलीत गाऊन, मास्क, ग्लोव्हज, डोक्याला टोपी घालून उभे असतो आणि आपल्याला २२ डिग्री म्हणजे छान वाटतं. माऊसला मात्र शरीर गरम ठेवायला जास्तीची मेहनत लागू नये असं तापमान साधारण ३० डिग्रीच्या आसपास असतं. म्हणजे खोली आपल्या सोयीची, आणि तो बिचारा खाल्लेल्यातलं कितीतरी नुसतं ऊब धरायला जाळतोय. अमेरिकेतल्या बफेलोमधल्या रॉसवेल पार्क कॅन्सर सेंटरच्या लोकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ३० डिग्रीला ठेवलेल्या माऊसमध्ये ट्यूमर २२ डिग्रीवाल्यांपेक्षा हळू वाढतात, कारण त्यांची इम्यून सिस्टीम ट्यूमरशी जास्त चांगली लढते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ काही सुचलंच नाही.

मग काय खोली ३० डिग्रीला न्यायची का? नाही, माणसं चक्कर येऊन पडतील. माऊसला घरटं करू द्या. एका केजला आठ-दहा ग्रॅम कागदाच्या कुरकुरीत पट्ट्या पुरतात. संध्याकाळी टाका आणि सकाळी बघा, त्याने पट्ट्या दातांनी चिरून, ओढून, आतून अंगाने गोल गोल दाबून वर छप्पर असलेलं घरटं केलेलं असतं, बाजूला फक्त एक नाक बाहेर येईल एवढं भोक. चिमूटभर कापूस किंवा एक टिश्यू टाकून “आम्ही एन्रिचमेंट दिलं”, म्हणजे प्राण्याचं जगणं बरं करणारी वस्तू दिली, असं रजिस्टरला लिहू नका, त्याने वाटीसुद्धा होत नाही. आणि घरट्याचा दुसरा फायदा म्हणजे फुकटचा डॉक्टर. रोज नीट घरटं करणाऱ्या माऊसने एका सकाळी पट्ट्या तशाच पसरलेल्या ठेवल्या तर थांबा, काहीतरी दुखतंय किंवा बिनसलंय.

केज बदलताना तेच घरटं नवीन केजमध्ये न्या. एकत्र ठेवलेले नर भांडतात, पाठीवर चावे दिसतात, ही सगळ्यांची तक्रार आहे. नेदरलँड्समध्ये हे तपासलंय, जुनं घरटं बरोबर गेलं की भांडणं कमी होतात, पण केजच्या तळाचा लघवीने भिजलेला भुसा नेला तर उलट वाढतात. आम्ही प्रेमाने नेमका मूठभर जुना भुसाच टाकायचो, “ओळखीचा वास राहू दे” म्हणून. घ्या!

आता दुखण्याचा विषय. माऊसला दुखतंय का हे ठरवतं कोण? ज्याने सर्जरी केली तोच. आपल्याकडे म्हणतात ना उंदराला मांजर साक्ष, ते इथे शब्दशः खरं आहे. आणि माऊस हा शिकार होणारा प्राणी, दुखतंय हे लपवण्यातच त्याचा जीव वाचतो, त्यात तो दिवसा झोपतो आणि आपण राउंड दिवसा घेतो. २०१० मध्येच कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतल्या जेफ्री मोगिल यांच्या लॅबने माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी काढली. पाच गोष्टी बघायच्या, डोळे किती मिटलेत, नाकाचा फुगवटा, गालाचा फुगवटा, कान कसे वळलेत, मिश्या कशा आहेत, आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन मार्क. पुढच्या वर्षी रॅटसाठीही आली. शिकायला अवघड नाहीये, पण एकदा नजर बसली की ते अर्धवट मिटलेले डोळे बघून “भूल उतरतेय अजून” असं म्हणवत नाही, पेनकिलरचा पुढचा डोस आठवतो.

याच लॅबचं २०१४ चं काम तर भारीच आहे. पुरुष खोलीत असला की माऊस आणि रॅट वेदना कमी दाखवतात, बाई असली की असं होत नाही. आणि पुरुष नसला, नुसता त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच. पुरुषाच्या वासाने एवढा स्ट्रेस येतो की वेदना दबते. म्हणजे सकाळी प्रयोग मी केला आणि दुपारी माझ्या सहकारी मॅडमनी केला तर डेटा हलणार, आणि आम्ही दोष देणार औषधाला. तेव्हापासून कुणी हाताळलं हे मी दर वेळी लिहून ठेवतो.

रॅटबद्दल एकच सांगतो, वेळ कमी आहे. रॅट घाबरला की साधारण २२ किलोहर्ट्झला ओरडतो आणि खेळताना ५० च्या आसपास चिवचिवतो, आपले कान २० च्या पुढे बंद, त्यामुळे “खोली किती शांत आहे” या वाक्याला काही अर्थ नाही. प्राण्यांच्या भावनांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी रॅटना गुदगुल्या केल्या तेव्हा हेच ५० वाले आवाज आले आणि रॅट हाताच्या मागे मागे पळायला लागले. आता गुदगुल्या ही रॅटला माणसाची सवय लावायची रीतसर पद्धत झालीय. मानेमागे बोटं फिरवायची, अलगद पाठीवर पाडायचं, पोटाला गुदगुल्या, सोडायचं, पुन्हा. बघणाऱ्याला वेड्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण रॅट परत हातावर चढून बसला की वाटायचं थांबतं.

हां, मागून प्रश्न आलाय, पाचशे केज आणि दोन माणसं, नळीने उचलत बसलो तर दिवस पुरेल का. रास्त प्रश्न आहे. पहिले दोन-तीन आठवडे वेळ जास्त लागतो, खोटं बोलत नाही, माऊस नळीच्या बाजूने निसटतो, आपण वैतागतो आणि हात परत शेपटीकडे जातो. त्यावर आम्ही एक केलं, नळी केजमध्येच कायमची ठेवून दिली. मग ते तिच्यातच झोपायला लागले, आणि केज बदलायच्या दिवशी बऱ्याचदा झाकण उघडावं तर आधीच आत बसलेले, उचला आणि चला. जे बाहेर असतात त्यांच्यासाठी ओंजळ आहेच. ही बघा, हीच ती नळी, पुढून मागे फिरवा, हातात घेऊन बघा, आणि जाताना आठवणीने टेबलावर ठेवा, उद्या सकाळी लागणार आहे.