थांबवायचं बटण

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रपटाबद्दल रेडिओवरून बोलायचं, म्हणजे ओसरीवर बसून पोहायला शिकवण्यासारखं आहे. दाखवायला हाताशी काहीच नाही. पण आजचा माझा विषय चित्रपट नाही. ज्या अंधाऱ्या खोलीत तो बघितला जातो, त्या खोलीबद्दल बोलायचं आहे. तिथे आता जायचं कशाला, असा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. नवा चित्रपट काही आठवड्यांत घरच्या पडद्यावर येणारच असतो. घरी पाय पसरून बसता येतं, पुढच्या खुर्चीत उंच माणूस नसतो आणि फोन आला तर चित्रपट थांबवता येतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आधी थोडं मागे जाऊ. 1894 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीची एक लाकडी पेटी लोकांसाठी खुली झाली. तिचं नाव किनेटोस्कोप. पेटीच्या वरच्या बाजूला एक भिंग होतं. वाकायचं, डोळे लावायचे आणि आत हलणारी चित्रं बघायची. एका पेटीला एका वेळी एकच माणूस. पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1895 ला, पॅरिसमधल्या एका कॅफेच्या तळघरात ल्यूमिएर बंधूंनी तीच हलणारी चित्रं पडद्यावर टाकली. दहा छोट्या फिती होत्या, एकेक मिनिटभराचीही नाही. समोर तीसेक माणसं एकत्र बसलेली. आगगाडी अंगावर येते आहे असं वाटून लोक उठून पळाले, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पण त्या पहिल्या कार्यक्रमात आगगाडीची फीत नव्हतीच. पळापळीची ती दंतकथा नंतर रंगली.

म्हणजे हलणारं चित्र जन्माला आलं तेच मुळी एकट्याने बघायची वस्तू म्हणून. माणसं एकत्र बसली ती नंतर. आज बसमध्ये मान खाली घालून, कानात बोंडं खुपसून चित्रपट बघणारा माणूस दिसला की मला वाटतं, एडिसनची पेटी सव्वाशे वर्षांनी परत आली आहे, फक्त आता ती खिशात मावते.

मधल्या काळात थिएटरनं किती कामं केली, बघा. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा निवेदक उभा असायचा. सगळ्या पात्रांचे आवाज तोच काढायचा, गोष्ट तोच सांगायचा. लोक बेन्शी कोण आहे ते बघून थिएटर निवडत. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी बातमी ‘दिसायची’ ती थिएटरातच, मुख्य चित्रपटाआधीच्या बातमीपटात. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरियरनं हवा गार करण्याचं यंत्र बसवलं. त्याआधी उन्हाळा म्हणजे थिएटरवाल्यांचा पडता काळ होता. त्यानंतर उकाड्यानं हैराण झालेले लोक चित्रपट कुठला लागलाय ते न बघताही आत शिरू लागले. घरी पंख्याचीही वानवा असलेल्या माणसाला दोन तास गारवा विकत मिळत होता.

ही कामं एकेक करून थिएटरच्या हातून गेली. बातमी दूरचित्रवाणीनं नेली, गारवा घराघरात गेला. अमेरिकेतल्या थिएटरांनी 1946 मध्ये गर्दीचा कळस पाहिला आणि पुढच्या दहा वर्षांत घरातल्या त्या छोट्या खोक्यानं त्यांना घाम फोडला. मग थिएटर म्हणालं, तुझ्याकडे नाही ते मी दाखवतो. 1952 मध्ये सिनेरामा आला: वाकवलेला प्रचंड पडदा आणि तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू. त्याच वर्षी खास चष्मा लावून बघायच्या त्रिमितीची लाट आली. पुढच्या वर्षी सिनेमास्कोप. पडदा रुंद झाला तो कलेच्या ओढीनं नव्हे, पोटाच्या काळजीनं. तेव्हापासून एक सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही. घरात काही नवं आलं की थिएटर आणखी मोठं आणि आणखी मोठ्या आवाजाचं होतं.

आतल्या केबिनमध्ये मात्र खरी उलथापालथ अलीकडे झाली, आणि ती प्रेक्षकांना फारशी दिसली नाही. रिळाच्या जमान्यात दोन तासांच्या चित्रपटाची फिल्म उलगडली असती तर सव्वातीन किलोमीटर भरली असती. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपायला आठेक सेकंद उरली की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो ऑपरेटरसाठी असायचा: दुसरं मशीन सुरू कर. मग दुसरा ठिपका: आता बदल. प्रेक्षकाला सांधा कळला नाही तर ऑपरेटर तरबेज. आणखी एक गंमत सांगतो. सेकंदाला 24 चित्रं सरकताना, एक जाऊन दुसरं येईपर्यंत दिव्यासमोर झडप यायची, आणि एकेक चित्र स्थिर असतानाही ती पुन्हा एकदा फिरायची. एकूण वेळेपैकी जवळजवळ निम्मा वेळ पडद्यावर काहीच नसायचं. दोन तासांचा चित्रपट बघताना तासभर आपण निव्वळ अंधार बघत होतो आणि त्या अंधाराचेही पैसे मोजत होतो! डोळ्यांना पत्ता नव्हता.

आता रीळ गेलं. चित्रपट हार्डडिस्कवर येतो किंवा उपग्रहावरून उतरतो, तोही कुलूपबंद. त्या कुलपाची चावी म्हणजे वेगळी पाठवलेली एक छोटी फाइल. कुठल्या यंत्रावर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो चित्रपट उघडेल, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मुदत संपली की चित्रपट तिथेच असतो, पण दिसत नाही. पूर्वी शंभर पडद्यांवर चित्रपट लावायचा तर शंभर प्रती काढाव्या लागत, आणि प्रत महाग पडे. आता एकाच इमारतीतल्या सहा पडद्यांवर तोच चित्रपट लावायला बटणं दाबणं पुरतं. बहुपडदा थिएटरं सुरू झाली तेव्हा आशा अशी होती की पडदे वाढले की निवड वाढेल. झालं उलटंच. मोठा चित्रपट आला की सहापैकी पाच पडदे त्याचे, आणि सहाव्यावर लहान चित्रपटाला सकाळचा एक खेळ, ज्या वेळी नोकरदार माणूस कामावर असतो. सोमवारी तोही उतरवतात आणि म्हणतात, बघायला कोणी आलंच नाही.

थिएटरवाल्याला तरी दोष किती द्यायचा? तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाकडे जातो. थिएटरवाल्याच्या गल्ल्यात खरी भर पडते ती मध्यंतरातल्या खाण्यापिण्यातून. रिकामी खुर्ची काही खात नाही.

त्यातच करोनाचं 2020 साल उजाडलं. जगभरातल्या थिएटरांचं तिकीट उत्पन्न 2019 मध्ये सुमारे 42 अब्ज डॉलर होतं, ते वर्षभरात 12 अब्जांवर कोसळलं. थिएटरात लागल्यावर तीनेक महिने चित्रपट घरी यायचा नाही, असा हॉलिवूडमध्ये जुना रिवाज होता. त्या जुलैत एका बड्या स्टुडिओनं आणि अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या थिएटर साखळीनं करार केला की 17 दिवसांनीही चालेल. पुढे हे अंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा थोडं वाढलं, पण भिंतीत खिंडार पडलं ते पडलंच. ‘थोडं थांबू, घरीच बघू’ असं म्हणायला प्रेक्षक शिकला.

मग उरलं काय? एक उत्तर आहे सोहळा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं 2006 च्या डिसेंबरात आपला प्रयोग थेट थिएटरांच्या पडद्यावर पाठवायला सुरुवात केली. लंडनच्या नॅशनल थिएटरनं 2009 मध्ये नाटकांचं तेच केलं. 2023 मध्ये एका गायिकेच्या जलशाचं चित्रीकरण थिएटरांत लागलं आणि प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले, गायले. त्याच वर्षी जुलैत दोन अगदी विजोड चित्रपट एकाच दिवशी लागले आणि लोकांनी ठरवून, सजूनधजून, एकाच दिवशी दोन्ही बघितले. दुसरं टोकही आहे. ब्यूनस आयर्समध्ये 1919 साली उघडलेलं एक देखणं नाट्यगृह पुढे चित्रपटगृह झालं आणि 2000 साली पुस्तकाचं दुकान. सज्जे तेच, रंगवलेलं छत तेच. रंगमंचावर आता लोक कॉफी घेत पुस्तकं चाळतात. मला त्यात दुःखाचं काही दिसत नाही. इमारतीलाही दुसरा जन्म असू शकतो.

पण सोहळ्याचं उत्तर माझ्या गळी उतरत नाही. सगळे तज्ज्ञ सांगतात की भव्य असेल ते थिएटरात आणि छोटं, शांत, घरगुती असेल ते घरी. मला हे नेमकं उलटं वाटतं. स्फोट आणि उडत्या गाड्या घरच्या पडद्यावरही तग धरतात. दहा मिनिटं लक्ष नसलं तरी बिघडत नाही, पुढचा स्फोट तुम्हाला बोलावून घेतो. शांत चित्रपटाकडे तशी हाक नसते. त्यातलं एखादं पात्र तीन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसतं. घरी त्या तीन मिनिटांत आपण फोन उचलतो, कुकर बंद करून येतो, किंवा बोटानं दहा-दहा सेकंद पुढे जातो. आणि मग म्हणतो, फार संथ आहे बुवा. संथ चित्रपट नसतो, आपल्या हाती बटण असतं.

थिएटरात ते बटण कोणाकडेच नसतं. थिएटरचं खरं काम मला आता एवढंच दिसतं: दोन तास तुमच्या हातातून बटण काढून घेणं. पडद्याचा आकार त्यानंतर येतो. शेजारी अनोळखी माणसं असतात आणि तीही तितकीच बांधलेली असतात. हसण्यावर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत तीसेक पट जास्त वेळा हसतो. शांततेचं असं मोजमाप कोणी केलंय का, कल्पना नाही. पण शंभर माणसांनी एकाच वेळी श्वास रोखला की तो ऐकू येतो, हे मी ऐकलं आहे.

याचा अर्थ सगळ्यांनी उठून जायलाच हवं असा नाही. पायऱ्या चढता न येणारे, तान्ही मुलं असलेले, गोंगाट सहन न होणारे, या सगळ्यांना घरच्या पडद्यानं चित्रपट पहिल्यांदा नीट दिला. काही थिएटरं आता दिवे थोडे चालू ठेवून, आवाज कमी करून स्वमग्न मुलांसाठी वेगळे खेळ ठेवतात. ते सगळीकडे व्हायला हवं. आणि अंधारात मोबाइल उजळून बसणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, कारण रेडिओवर सभ्य भाषा वापरावी लागते.

मध्यंतरी असाच एक शांत चित्रपट बघायला गेलो होतो. सकाळचा खेळ, मोठं दालन, आणि आम्ही सात जण. शेवटाकडे नायिका एक जुनं पत्र हातात घेते, बराच वेळ बसते आणि दृश्य बदलतं. नावं सरकली, दिवे लागले. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळून मला म्हणाले, “अहो, तिनं ते पत्र फाडलं का? मी नेमका चष्मा पुसत होतो.” मी म्हटलं, फाडलं. तर मागून एक मुलगी म्हणाली, “नाही हो काका, घडी घालून ठेवलं.” घरी असतो तर मागे नेऊन बघितलं असतं, पाच सेकंदांचं काम. इथे तशी सोय नव्हती. आम्ही तिघं भांडत जिना उतरलो, आणि खाली पोचेपर्यंत मला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती.

नमस्कार.