अंगठा लावण्याआधी

(दृश्य : एमवायचं आवार, ओपीडीसमोरची रांग)

इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय. शहरात कुणालाही विचारा, ‘एमवाय’ म्हणूनच सांगेल. रामबाग, नारायण बागेतली मराठी कुटुंबं इथे येतात, तशीच झाबुआ, अलीराजपूरकडची आदिवासी कुटुंबंही. डॉक्टरांनी कागद पुढे केला की सही करायची, नाहीतर अंगठा लावायचा. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना उलट काय विचारायचं, असं रांगेतल्या बऱ्याच जणांना वाटतं.

याच शहरातून एक प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. नव्या औषधांच्या चाचण्यांत गरीब रुग्णांना पुरतं न सांगताच घेतलं जातं, अशा तक्रारी इथून उठल्या होत्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका 2012 ची. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की संमती घेतानाचं सगळं बोलणं चित्रित करून ठेवा.

आज 2019 चे नियम लागू आहेत. त्यांत हे चित्रीकरण अगदी नव्या रसायनाच्या चाचणीत, आणि तेही दुर्बल स्थितीतल्या सहभागींपुरतंच सक्तीचं आहे. आम्हाला हे अपुरं वाटतं. आजाराने घाबरलेला माणूस शिकलेला असला, तरी डॉक्टरांसमोर दुर्बलच असतो.

(दृश्य : संमतीपत्राचा कोरा नमुना, जवळून)

हा फॉर्म नीट बघा. जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि मग नॉमिनीचं नाव. हा रकाना कशाला? चाचणीमुळे मृत्यू झालाच, तर भरपाई कुणाला द्यायची त्यासाठी. रोजच्या औषधोपचाराच्या कागदावर असं काही नसतं. तेव्हा नॉमिनीचं नाव मागितलं, की हात थांबवा आणि विचारा : हा माझा इलाज आहे की संशोधन? दुसरा कोणता इलाज आहे? औषधाचा गुण येणार नाही, असंही होऊ शकतं. काही चाचण्यांत तर काही जणांना प्लॅसिबो दिला जातो, म्हणजे औषधच नसलेली गोळी. हे सगळं आधी, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. वाचता येत नसेल, तर बोलणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. सहीपुरता बोलावून आणलेला माणूस चालत नाही.

एचआयव्हीच्या तपासणीलाही 2017 च्या कायद्याने माहिती देऊन घेतलेली संमती लागते, आणि नोकरी देण्यासाठी ती तपासणी करून आणा, अशी अट घालता येत नाही.

दारूच्या तपासणीचं मात्र वेगळं आहे. तिथे रस्त्यावरच्या इतरांचा जीव पणाला लागलेला असतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पोलिसांनी यंत्रात फुंकायला सांगितलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो नकारच खटल्यात विरुद्ध जाऊ शकतो.

औषधाच्या चाचणीत तसं नाही. आज हो म्हटलं, उद्या मन बदललं, तरी बाहेर पडता येतं, कारण न सांगता. आणि त्यापायी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. माहितीपत्रक आणि भरलेल्या फॉर्मची प्रत रुग्णाला किंवा सोबतच्या माणसाला द्यावीच लागते. तुमच्या घरातलं कुणी अशा चाचणीत असेल आणि ती प्रत घरी आली नसेल, तर पुढच्या तारखेला जाल तेव्हा मागून घ्या.