८९१.४६चं कपाट

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि वाचनालयात मात्र खुर्ची मिळत नाही, कारण इथं पंखा आहे, माठ आहे आणि पेपर आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळे एकाच लाकडी टेबलावर. या गावाची बोली जशी मिसळलेली तसंच हे टेबल.

आता आत चला. इथली पुस्तकांची यादी आणि जुनी पुस्तकं कम्प्युटरवर आणायचं काम चाललंय, त्यावरच आम्ही फिल्म करतोय. ही दाखल नोंदीची रजिस्टरं, आलेलं प्रत्येक पुस्तक यांत लिहिलेलं. पान उलटेल तशी शाई बदलते, अक्षर बदलतं, एकेक वळण म्हणजे एकेक ग्रंथपाल. अडचण अशी की एकाच लेखकाचं नाव कुठं आडनावापासून लिहिलंय, कुठं नुसती आद्याक्षरं, कुठं टोपणनाव, माणसाला ते कळतं पण कम्प्युटरला ते तीन वेगळे लेखक वाटतात. म्हणून आधी ही सगळी नावं एका सुतात आणायची, मग वाचनालयाची पुस्तकं नोंदवणाऱ्या कोहा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलं आणि २००० साली सगळ्या जगाला फुकट दिलं गेलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एआयची मदत इथं होते, सारखी वाटणारी नावं तो शोधून समोर ठेवतो, पण हा लेखक तोच का हे ठरवायला इथल्या ग्रंथपाल मॅडमच लागतात.

आणि हे ते कपाट. ८९१.४६, म्हणजे ड्यूईच्या वर्गीकरणात, पुस्तकं विषयावार आकड्यांनी लावायच्या पद्धतीत, मराठी साहित्य. कडा पिवळ्या, काही पानांना कसर लागलेली, हात लावला की तुकडा निघतो. स्कॅनर म्हणजे काय तर दोन ट्यूबलाइट, एक काच आणि वर उलटा टांगलेला मोबाईल. पान दाबायचं, फोटो काढायचा, पान उलटायचं. दिवसभर हेच, आम्ही तीन दिवस हेच शूट केलं आणि तरी कंटाळा आला नाही.

फोटोतली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट पण फुकट आहे आणि ते मराठी वाचतं, पण जुने खिळे, म्हणजे छपाईचे जुने टाइप, त्याला झेपत नाहीत. स्क्रीनवर बघा, 'खाणें'चं 'रवाणें' झालंय, कारण जुन्या छपाईत ख आणि रव जवळजवळ सारखेच दिसायचे. भ चा म, घ चा ध, हे तर पानोपानी. मग तो मजकूर एआयला दिला की तो चटकन दुरुस्त करतो, आणि खरी गडबड तिथंच होते. 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरचे अनुस्वार तो चूक समजून उडवतो. ते चूक नाहीत हो, १९६२ च्या लेखन नियमांच्या आधी मराठी तशीच लिहायचे, पुस्तक त्या काळाचं आहे तर अनुस्वारही त्या काळाचाच राहायला पाहिजे. मॅडम एकेक टिंब परत बसवतात. हे काम ज्याला मराठी मुरलेली आहे त्यालाच जमतं, आणि अशा माणसाला नीट पगार द्यायला पाहिजे हे आम्ही या फिल्ममध्ये मोठ्यानं सांगणार आहोत.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पोरं. यातल्या एकानं मोबाईलला बोलून विचारलं, मार्शल लॉचं सांग की बे. म्हणजे १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ. आमच्या बोलीतल्या 'बे'चा मोबाईलनं इंग्रजी बी केला, मग त्यानं टाईप केलं, उत्तर आलं एकदम सुबक, फक्त त्यात फाशी दिलेल्या चौघांच्या फाशीची तारीख चुकीची. मॅडमनी खालून पुस्तक आणून दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा. पोरगा रोज या चौघांच्याच चौकातून, चार पुतळ्यांवरून येतो. त्यानं तारीख वहीत लिहिली, खाली पुस्तकाचा पान नंबर पण लिहिला.

मजकूर एकदा टाईप झाला की अंध वाचकाला तो मोबाईलवर ऐकता येतो आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून त्याला मोकळीक आहे, बाकीच्यांसाठी लेखक जाऊन साठ वर्षं झालेलीच पुस्तकं उघडता येतात. राज्यातली मान्यताप्राप्त वाचनालयं १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गात बसतात आणि अनुदान वर्गाप्रमाणं मिळतं, पगार त्यातूनच भागवायचा.

संध्याकाळचे सहा. ऊन उतरलंय, देवघेवीच्या खिडकीशी रांग लागली. मॅडम स्क्रीनकडे पाठ करून पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारतायत. रांग संपली की परत बसतात, 'रवाणें' खोडून 'खाणें' करतात, अनुस्वार आहे ना ते बघतात, आणि काचेखालचं पान उलटतात.