शून्याची राखण

(दृश्य: दक्षिण मुंबईतलं एक मैदान, पहाट. गोलपोस्ट आणि एक मुलगी.)

सकाळचे सव्वासहा वाजलेत. क्रिकेटवाले यायला अजून तासभर आहे. तोवर हा कोपरा फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचा.

पोस्टमध्ये जी उभी आहे तिचे हात बघा. मोजे चढवायच्या आधी ती तळव्यांवर बाटलीतलं पाणी ओतते, एकावर एक चोळते, जास्तीचं झटकून टाकते. कीपरच्या मोज्याच्या तळव्याला लेटेक्स असतं. ते कोरडं पडलं की बॉल सटकतो, किंचित ओलं असलं की धरून ठेवतं. उजव्या मोज्याला अंगठ्याच्या बुडाशी भोक पडलंय. तिथं तिनं पंक्चर काढायच्या रबराचा तुकडा चिकटवलाय. या कडक जमिनीवर मोजे टिकतच नाहीत.

"पायाकडे नको गं, बॉलकडे बघ!" कोच मॅडम ओरडतात, आणि बॉल सुटतो. डावीकडे, जमिनीलगत.

ती पडते. आधी पोटरी टेकते, मग मांडी, मग कूस, शेवटी खांदा. असं पडणं अंगात मुरायला वर्ष जातं, आणि त्या वर्षभरात घरच्यांना रोज काळ्यानिळ्या मांड्या दिसतात. मला ठाऊक आहे. मीही आठवीत असताना पोस्टमध्ये उभी राहिले होते. बाकीच्या जागा भरल्या होत्या म्हणून. पुढं कुणी ती जागा मागितली असती, तर मी दिली नसती.

दोन खांबांत अंतर 7.32 मीटर. आडव्या दांड्याची उंची 2.44 मीटर. पुरुषांचा गोल तेवढाच, बायकांचाही तेवढाच. पेनल्टी मारायची ती 11 मीटरवरून.

(दृश्य: अदिती चौहानची छायाचित्रं.)

या चौकटीत उभं राहून आयुष्य घडवता येतं, हे आमच्या मुलींना दिसलं ते अदिती चौहानमुळे. जन्म 1992 चा, चेन्नईतला. वाढली दिल्लीत. क्रीडा व्यवस्थापन शिकायला ती इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात गेली आणि 2015 मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाकडून खेळू लागली. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव सगळीकडे छापून आलं. खरंच मोठी गोष्ट होती ती.

पण तिचा तिथला पहिला सामना बघा. ऑगस्ट महिना, समोर कॉव्हेंट्रीचा संघ. निकाल, 0-5.

पाच वेळा जाळीतून बॉल काढायचा. पाच वेळा वळायचं, आणि पुन्हा मैदानाकडे तोंड करून उभं राहायचं. फॉरवर्डनं चार संधी घालवल्या आणि पाचवी लागली, तर तिला खांद्यावर घेतात. कीपरनं चार वाचवले आणि पाचवा सुटला, तर लोकांच्या लक्षात तो पाचवाच राहतो. अशा सुरुवातीनंतरही अदिती खेळत राहिली. 2012, 2016 आणि 2019 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेच्या विजेतेपदांत ती भारतीय संघात होती. गोकुलम केरळ या क्लबबरोबर तिनं इंडियन विमेन्स लीग जिंकली, मग 2021 मध्ये आइसलँडलाही खेळून आली.

आणि मग ती आली आमच्या दारात. नेरूळला.

(दृश्य: हार्बर लाइनची लोकल. खिडकीतून दिसणारी वाशीची खाडी.)

जानेवारी 2022. महिलांचा आशिया कप भारतात. सामने तीन मैदानांवर: अंधेरी, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि पुण्याचं बालेवाडी. 2003 नंतर आपला संघ प्रथमच या स्पर्धेत उतरत होता. चांगली कामगिरी झाली असती तर वर्ल्ड कपचं दार उघडणार होतं. आमच्यासारख्यांनी किती वर्षं या महिन्याची वाट पाहिली होती, ते शब्दांत सांगता येणार नाही.

20 तारखेला डी. वाय. पाटीलवर इराणविरुद्ध सामना झाला. मी घरी टीव्हीसमोर होते. जास्त दबाव आपलाच होता, पण इराणची गोलकीपर झोहरे कौदाई काही केल्या हरेना. आपल्या पोस्टमध्ये अदिती. असल्या सामन्यात कीपरचं काम फार अवघड असतं. बॉल पलीकडेच फिरत असतो, अंग थंड पडतं, आणि एखादा प्रतिहल्ला कधी अंगावर येईल याचा नेम नाही. म्हणून ती बोलत राहते. बॅकना हाका मारते, जागा सांगते, दोन पावलं पुढे, एक मागे. टीव्हीवर यातलं काहीच ऐकू येत नाही.

0-0. दोन्ही कीपरनी आपापलं शून्य राखलं.

तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी गाठ होती. तोवर संघात कोविड शिरला. त्या स्पर्धेत सामन्यासाठी किमान 13 खेळाडू लागत. तेवढ्याही उभ्या करता येईनात. सामना झाला नाही. नियमाप्रमाणे भारतानं स्पर्धेतून माघार घेतली असं धरण्यात आलं, आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला.

हे मी आजही गिळू शकलेले नाही. गोल खाल्ला असता तर निदान तो गोल कुठंतरी लिहिला गेला असता. नव्वद मिनिटं राखलेलं शून्य मात्र गटाच्या तक्त्यात कुठंच उरलं नाही. पुढं 6 फेब्रुवारीला याच मैदानावर चीननं 0-2 ची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला 3-2 हरवलं आणि कप नेला. सुंदर सामना होता. माझं लक्ष मात्र सारखं पोस्टकडे जात होतं.

(दृश्य: पुन्हा मैदान.)

जुलै 2025 मध्ये भारतानं थायलंडला थायलंडमध्येच 2-1 हरवलं आणि आशिया कप गाठला. पात्रता फेरी जिंकून तिथं पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. पोस्टमध्ये मणिपूरची पंथोई चानू होती. त्याच महिन्यात अदितीनं निवृत्ती जाहीर केली. 17 वर्षांची कारकीर्द, भारतासाठी 57 सामने.

इथं आता साडेसात वाजलेत. स्टंप रोवायला पोरं आलीत. मुलगी मोजे काढते, बोटांवरची पट्टी दातांनी सोडवते. घरी गेल्यावर ती मोजे कोमट पाण्यात नुसत्या हातानं धुवेल आणि चाळीच्या गॅलरीत दोरीवर टाकेल, पण सावलीच्या बाजूला. उन्हात लेटेक्स तडकतं. उद्या पुन्हा लागणार आहेत ते.