लघुग्रहाला शेपटी फुटते तेव्हा

नमस्कार मंडळी! शाळेत आपल्याला दोन खण पाडून दिलेले असतात बघा, मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारे दगड ते लघुग्रह, आणि लांबून येऊन सूर्याजवळ शेपटी फुटते ते धूमकेतू. मार्क मिळतात, विषय संपतो.

पण 1996 साली चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या फोटोत एका लघुग्रहाला चक्क शेपटी दिसली. एल्स्ट-पिझारो त्याचं नाव. 1979 मधे सापडला तेव्हा साधा ठिपकाच होता तो. मग ही शेपटी कशाची? काहीतरी येऊन आदळलं आणि धूळ उडाली, की आतला बर्फ वाफ होऊन धूळ बाहेर ढकलतोय? एका फोटोवरून हे कळतच नाही हो. टक्कर असेल तर एकदाच होणार, बर्फ असेल तर सूर्याजवळ आला की पुन्हा पुन्हा होणार. म्हणजे वाट बघायची, कारण त्याला एक फेरी मारायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतात! 2002 मधे शेपटी परत आली, 2007 मधे परत, 2013 मधेही आली. मला विचाराल तर रंगीत फोटोंपेक्षा हे चिवटपणे परत परत बघणं भारी आहे, त्याची बातमी होत नाही एवढंच.

शीला नावाच्या लघुग्रहाचं उलट झालं. 2010 च्या डिसेंबरमधे एकदम उजळला, धूळ दिसली, काही आठवड्यांत विरली. ती टक्कर.

आणि गॉल्ट नावाच्या लघुग्रहाची गंमत तिसरीच. 2019 च्या जानेवारीत त्याची लाखो किलोमीटर लांब शेपटी लक्षात आली, मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, त्यात आपल्या लडाखमधल्या हानलेची हिमालयन चंद्र दुर्बीणही होती, जी चालवतात मात्र बंगळूरजवळच्या होसकोटेहून. तिचा आरसा 2 मीटरचा, म्हणजे पुण्यातल्या आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दुर्बीण जुन्नरकडे गिरवलीला आहे ना, तिच्याएवढाच. वेधांवरून दिसलं की गॉल्ट साधारण दोन तासांत स्वतःभोवती फिरतोय. ऊन पडतं, दगड तापतो, ती उष्णता वेड्यावाकड्या पृष्ठभागावरून बाहेर पडताना बारीकसा धक्का देते आणि कोट्यवधी वर्षांत वेग इतका वाढतो की सैल दगडगोट्यांचा ढीग स्वतःलाच आवरू शकत नाही. नुसत्या उन्हानं, बरं का!

बर्फाचा थेट पुरावा मात्र 2023 मधे जाहीर झाला, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला रीड नावाच्या, लघुग्रहांच्याच पट्ट्यात फिरणाऱ्या अशाच एका धूमकेतूभोवती पाण्याची वाफ सापडली. कार्बन डायऑक्साइड मात्र नाही, आता ते का नाही यावर शास्त्रज्ञ डोकं लावतायत.

तुम्हाला स्वतः काही बघायचं असेल तर 13-14 डिसेंबरच्या रात्री शहराच्या उजेडापासून लांब, मुळशी किंवा भोरकडे जा, मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतील. त्यांचा बाप फेथॉन, तोही लघुग्रहच, आणि सूर्याजवळ गेला की त्यालाही शेपटी फुटते, ती धुळीची नाही तर सोडियमची निघाली. दुर्बीण नको, स्वेटर आणि कानटोपी तेवढी न्या.