स्पर्धात्मक बोलीत शेवटचा निर्णय कोणाचा?

मित्रहो, नागपुरात ब्रिज खेळणाऱ्यांची संख्या फार मोठी नसली तरी जे खेळतात ते मन लावून खेळतात. पान कसे खेळावे, फिनेस कधी घ्यावी, उतारी कोणती करावी, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. त्यामानाने उपेक्षित राहतो तो चौघांनीही तोंड उघडलेला डाव, म्हणजे स्पर्धात्मक बोली : कोणता रंग हुकूम ठेवून किती हात (ट्रिक) करू, याची दोन्ही जोड्यांनी केलेली चढाओढ. आजचे बोलणे मी तेवढ्यापुरतेच ठेवणार आहे.

प्रतिपक्ष गप्प असेल तर बोलीला जागा भरपूर असते. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवले की कबूल केलेले हात येतात : १ इस्पिक म्हणजे सात, ४ इस्पिक म्हणजे दहा. या दोहोंच्या दरम्यान १४ बोली बसतात, आणि त्या आधाराने दोन जोडीदार एकमेकांना आपापली पाने सावकाश सांगू शकतात. १ इस्पिकावर प्रतिपक्षाने थेट ३ बदाम म्हटले की त्या १४ पैकी ५ च बोली उरतात, आणि त्यांच्या सोबतीला पास व डबल (प्रतिपक्षाच्या बोलीवरची पैज वाढवणारी बोली). जागा गेली तरी सांगायच्या गोष्टी कमी होत नाहीत, त्यामुळे सगळा भार पास आणि डबल यांच्यावर येऊन पडतो. असे असूनही बहुतेक जोड्यांचे कन्व्हेन्शन कार्ड (बोलींचे ठरलेले अर्थ लिहिलेले पत्रक) पाहिले तर निर्विघ्न बोलीतल्या कन्व्हेन्शन्सनी ते गच्च भरलेले असते, आणि पास-डबलच्या अर्थांविषयी त्यात दोन ओळीही सापडत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की, स्पर्धात्मक बोलीतला जोडीचा करार प्रथम एकाच गोष्टीसाठी करावा : या टप्प्यावर निर्णय कोणी घ्यायचा, हे दोघांनाही एकाच वेळी कळावे. निर्णय चांगला की वाईट हा अंदाजाचा भाग झाला. पण तो दोघांनीही घेतला, किंवा दोघांनीही एकमेकांवर सोडून दिला, तर उत्तम अंदाजाचाही काही उपयोग होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या हातात इस्पिकची एक्का, राणी, नव्वी, सत्ती, चौवी. बदामाची दोन छोटी पाने. चौकटचे राजा, गुलाम, तिर्री. आणि किलवरची राणी, दश्शी, अठ्ठी, असे बारा पॉइंट आहेत (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). कोणीच व्हल्नरेबल, म्हणजे पडल्यास जास्त दंड लागणाऱ्या स्थितीत, नाही. आपण १ इस्पिक बोललो, डावीकडून २ बदाम आले, जोडीदार २ इस्पिक म्हणाला आणि उजवीकडून ३ बदाम आले. आता ३ इस्पिक म्हणावे की पास करावे? पुष्कळ खेळाडू येथे पुन्हा पॉइंट मोजू लागतात. पॉइंटांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते हुकमांच्या संख्येतून मिळते.

फ्रान्सचे झाँ-रेने व्हर्न यांनी १९६९ मध्ये या विषयावर लिहिले आणि पुढे अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी तो विचार जगभर पोहोचवला. आपल्या सर्वोत्तम रंगातली आपली पाने आणि प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम रंगातली त्यांची पाने यांची बेरीज करा. आपण आपल्या हुकमात आणि त्यांनी त्यांच्या हुकमात खेळल्यास दोन्ही बाजूंना मिळून साधारण तितकेच हात होतात. दोघांकडे नऊ-नऊ हुकूम असतील तर एकूण हात अठरा. आपले नऊ होत असतील तर त्यांचेही नऊ होतात, आणि ३ इस्पिक बोलून आपण १४० गुण देण्याऐवजी १४० गुण घेतो. आपले आठच होत असतील तर त्यांचे दहा होतात, म्हणजे १७० देण्याऐवजी आपण ५० देतो, फार तर डबल लागून १००. आपले दहा असतील तर १७० आपल्या खात्यावर येतात. त्यांना ३ बदामांवर पाडून मात्र ५० च मिळाले असते. तिन्ही परिस्थितींत बोलणेच फायद्याचे. पण बेरीज सोळा असेल, म्हणजे दोघांकडे आठ-आठच हुकूम असतील, तर तिसऱ्या पातळीवर जो शेवटी बोलतो तोच बहुधा पडतो.

आता आपल्या उदाहरणाकडे परत या. आपल्याकडे इस्पिक पाच आहेत. जोडीदाराकडे तीन आहेत की चार, यावर सारे अवलंबून आहे, आणि ते आपल्याला कळणार ते करारातूनच. चार हुकूम व दुबळी पाने असतील तर जोडीदाराने थेट ३ इस्पिक म्हणावे, चार हुकूम व चांगली पाने असतील तर प्रतिपक्षाच्याच रंगाची बोली, म्हणजे क्यू-बिड, वापरावी, आणि २ इस्पिक म्हणजे तीनच हुकूम, असे ठरले असेल तर आपले हुकूम आठवर थांबतात आणि आपण शांतपणे पास करतो. आपल्या हातात सहावे इस्पिक असते तर त्याच करारामुळे आपण तितक्याच शांतपणे ३ इस्पिक म्हटले असते. चांगला अंदाज असा उभा राहतो. करार नसेल तर याच जागी खेळाडू धाडस करतो, आणि ते यशस्वी झाले की त्याला अंदाज म्हणतो.

हा नियम प्रत्येक डावात तंतोतंत उतरत नाही. एखादा हात इकडे-तिकडे होतो. दुसऱ्या एखाद्या रंगातही दोघांची पाने चांगली जुळत असतील तर हात वाढतात. प्रतिपक्षाच्या रंगातली आपली राणी किंवा गुलाम बचावात कामाला येतात, आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (आपली बोली शेवटची ठरून आपण खेळतो तेव्हा) मात्र वाया जातात, म्हणून तिथे एक पाऊल मागे घ्यावे. व्हल्नरेबल असताना जोडी-स्पर्धेत आणखी काळजी हवी : डबल होऊन एक हात कमी पडला तरी २०० जातात, आणि प्रतिपक्षाचा ११० किंवा १४० चा साधा पार्ट-स्कोर त्यापेक्षा पुष्कळ परवडला असता.

डबलविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण आपल्याकडे सर्वांत मोठे आकडे येथेच जातात. डाव संपल्यावर टेबलावर हा संवाद हमखास ऐकू येतो : “काका, तुमचं डबल मला पेनल्टीचं वाटलं.” “अगं, ओव्हरकॉलवरचं डबल पेनल्टीचं कसं असेल?” पेनल्टीचे म्हणजे प्रतिपक्षाला पाडण्यासाठीचे डबल, आणि ओव्हरकॉल म्हणजे एका बाजूने बोली उघडल्यावर दुसऱ्या बाजूने केलेली बोली. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असू शकते, चूक एवढीच की ही चर्चा डावाआधी व्हायला हवी होती. १९५७ मध्ये अमेरिकेत रॉथ आणि स्टोन या जोडीने निगेटिव्ह डबल, म्हणजे न बोललेले रंग दाखवून जोडीदाराला बोलायला सांगणारे डबल, रूढ केले, त्याआधी ओव्हरकॉलवरचे डबल पेनल्टीचेच धरले जाई. आज बहुतेक सगळे निगेटिव्ह डबल खेळतात, पण ते कुठपर्यंत, ३ इस्पिकांपर्यंत की ४ बदामांपर्यंत, हे किती जोड्यांनी ठरवलेले असते? आणि त्याहून महत्त्वाचे, निगेटिव्ह डबल स्वीकारले की पासचाही अर्थ बदलतो, हे किती जणांच्या ध्यानात असते?

समजा, जोडीदाराने १ चौकट म्हटले, उजवीकडून १ इस्पिक आले, आणि आपल्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी, पंजी आहेत, शिवाय किलवरचा एक्का. डबल केले तर ते निगेटिव्ह ठरेल, म्हणून आपण पास करतो. डावीकडून पास येतो. आता जोडीदाराचे कर्तव्य सुरू होते. त्याच्याकडे इस्पिकचे एकच पान असेल आणि बाकीचे रंग बऱ्यापैकी असतील, तर चौदा पॉइंटांवरही त्याने डबल करून बोली जिवंत ठेवली पाहिजे, कारण आपला पास दुबळेपणाचा की दबा धरलेला, हे त्याला स्वतःच्या आखूड इस्पिकांवरूनच ओळखता येते. आपण मग पुन्हा पास करतो आणि प्रतिपक्ष डबल झालेल्या १ इस्पिकावर खेळतो. उलट जोडीदाराकडेच तीन इस्पिक असतील तर आपल्याकडे पाच असण्याचा संभव फार कमी, आणि तिथे त्याने पास करण्यात काही गैर नाही. करार दोघांचा मिळून एक. अंदाज मात्र प्रत्येकाने आपापल्या पानांवरून करायचा.

आता प्री-एम्प्टिव्ह, म्हणजे प्रतिपक्षाची जागा अडवणाऱ्या उंच बोलीकडे वळू. आपण नॉन-व्हल्नरेबल, प्रतिपक्ष व्हल्नरेबल. आपण ३ बदाम म्हटले, डावीकडून डबल, जोडीदार ४ बदाम, उजवीकडून ४ इस्पिक. इस्पिकचे एकच पान आणि बदामाची सात पाने हातात असताना ५ बदाम म्हणण्याचा मोह अनावर होतो. तो आवरलाच पाहिजे. आपली पाने आपण पहिल्याच बोलीत सांगून टाकली आहेत; जोडीदाराची मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. त्याने ४ बदाम कॉन्ट्रॅक्ट करण्यासाठी म्हटले की अडवण्यासाठी, ४ इस्पिकाविरुद्ध त्याच्याकडे दोन हुकमी हात आहेत की काहीच नाही, हे त्यालाच माहीत. बळीचा, म्हणजे प्रतिपक्षाचे मोठे गुण टाळण्यासाठी मुद्दाम थोडे पडण्याचा, हिशेबही तोच करू शकतो. व्हल्नरेबल ४ इस्पिक म्हणजे ६२०, म्हणून आपण नॉन-व्हल्नरेबल असताना डबलवर तीन हात कमी, म्हणजे ५००, परवडतात. चार कमी म्हणजे ८००, ते परवडत नाहीत. दोन्ही बाजूंची स्थिती सारखी असेल तर दोनच हात सोडता येतात, आणि आपण एकटे व्हल्नरेबल असलो तर फक्त एक. ही गणिते पाठ असावीत, पण त्यांचा उपयोग ज्याला समोरची पाने कळली आहेत त्यानेच करायचा.

याची दुसरी बाजू म्हणजे फोर्सिंग पास. आपण ताकदीवर गेम (४ इस्पिकासारखी, जास्त बक्षीस असलेली बोली) बोललो आणि प्रतिपक्षाने बळी म्हणून वरची बोली केली, तर त्यांना डबलशिवाय खेळू द्यायचे नाही, असा हा करार. लगेच बोलायची पाळी असलेल्याने डबल केले तर ‘पुढे जाऊ नकोस’ हा इशारा, आणि पास केला तर ‘मला पुढे जायला हरकत नाही, निर्णय तू घे’ हे निमंत्रण. हा करार कधी लागू हे मात्र आधी ठरवावे लागते. १ इस्पिक, २ बदाम, ४ इस्पिक, ५ बदाम या क्रमात माझ्या मते तो लागू नसावा, कारण ४ इस्पिकाची ती उडी पुष्कळ हुकूम व थोड्या पॉइंटांची असते. पण जोडीदाराने आधी ३ बदामांची क्यू-बिड करून चांगली पाने दाखवली, त्यावर आपण ४ इस्पिक म्हटले आणि मग ५ बदाम आले, तर तो लागू असावा. वेगळे कोणी मानत असेल तर मला हरकत नाही. दोघांनी एकच मानावे.

हे ठरवायला वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाते. स्पर्धेसाठी आपल्यापैकी अनेक जण मुंबईला जातात. विदर्भ एक्सप्रेसमधली एक रात्र या चार-पाच प्रश्नांना पुरेशी आहे. नवी कन्व्हेन्शन शिकण्यापेक्षा ती रात्र मागच्या स्पर्धेतले दोन डाव पुन्हा बोलून पाहण्यात गेली तर अधिक हाती लागते. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी मिळवले. ती जोडी अनेक वर्षे एकत्र खेळत आलेली होती, याकडे नव्या खेळाडूंनी लक्ष द्यावे.

मात्र अशा सहवासातून एक जबाबदारीही येते. न बोलता, केवळ सवयीने तयार झालेली समजूतसुद्धा नियमानुसार करारच असते, आणि प्रतिपक्षाने विचारले तर ती सांगावी लागते. काहीच ठरलेले नसेल तर ‘या बोलीबद्दल आमचे काही ठरलेले नाही’ हेच प्रामाणिक उत्तर. अंदाजाने अर्थ सांगू नये. हाच प्रश्न विचार करायला लागलेल्या वेळाचाही आहे. ५ बदामांवर आपण मिनिटभर थांबून पास केला आणि जोडीदाराने ५ इस्पिक म्हटले, तर प्रतिपक्ष डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावेल आणि ते योग्यच असेल, कारण ब्रिजच्या नियमांतील १६ व्या कलमानुसार आपल्या थांबण्यातून सुचलेला पर्याय जोडीदाराला निवडता येत नाही. येथे पास फोर्सिंग असल्याचे कार्डावर आधीच लिहिलेले असेल, तर जोडीदाराला काहीतरी करणे भागच होते हे डायरेक्टरला दाखवता येते. मग प्रश्न एवढाच उरतो की डबल आणि ५ इस्पिक यांपैकी त्याच्या स्वतःच्या पानांवरून कोणती बोली निघत होती.